एका पायात एक, दुसऱ्यात भलतीच

२५ जुलै, गुरुवार

ठरलं! चौदा सप्टेंबर!

म्बाह दार यांनी जावाचं पंचांग मांडीवर घेतलं, बोटांची पेरं मोजली आणि जाहीर केलं, की त्या दिवशी शनिवार आणि जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वागे एकत्र येतात, म्हणजे आमच्या बँडची जन्मतिथी. दोनशे एकसष्टावी. "पंचवीस वर्षं ही सरकारी मोजणी," म्बाह म्हणाले. "खरं वय पस्तीस-पस्तीस दिवसांनी वाढतं."

केलिक म्हणाला, "म्हणजे म्बाह, तुम्ही सातशे वर्षांचे?"

"सातशे चाळीस," म्बाह शांतपणे म्हणाले आणि चेलोच्या तारा पुसायला लागले.

मी आल्या आल्या ही वही काढली. एवढ्या मोठ्या दिवसाआधीचं सगळं लिहून ठेवायचं, नाहीतर पन्नाशीत मला काहीच आठवणार नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते. आम्ही चौघं. मास गिंबल गातो आणि युकुलेले वाजवतो. मास म्हणजे दादा, गिंबल म्हणजे जटा. नाव पडलं तेव्हा त्या कमरेपर्यंत होत्या, आता डोक्यावर माशी घसरते. ट्रकच्या टायरच्या चपला करून विकणं हा त्याचा धंदा. केलिक मांडीवर केंदांगचा ढोल घेतो आणि पायानं बादली वाजवतो. एके काळी कानात पाच पिना होत्या, आता आमच्या वस्तीचा प्रमुख आहे आणि दाखल्यांवर सह्या करतो. म्बाह दार वयानं आमचे आजोबाच, मुळात जुन्या क्रोंचोंग गाण्यांचे वादक. त्यांच्या जुन्या मंडळींपैकी कोणी उरलं नाही म्हणून ते आमच्यात आले, आणि अजूनही इस्त्रीचा बातिक सदरा घालूनच चेलो छेडतात. आणि मी, नास्तिती. व्हायोलिन.

बँडचं नाव सेलेन. एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात भलतीच, त्याला सेलेन म्हणतात. पहिल्या कार्यक्रमानंतर गर्दीत सगळ्यांच्या चपला अशाच अदलाबदल झाल्या आणि मास गिंबल हसून हसून जमिनीवर बसला. तेव्हापासून रीतच पडली. आमच्याकडून कोणी पूर्ण जोडी घेऊन घरी जात नाही. एक आपली, एक परक्याची. नंतर आठवडाभर आमच्या सालातिगाच्या बाजारात नुसते पाय बघितले तरी कळतं, कोण कोण आलं होतं.

३० जुलै, मंगळवार

सराव मास गिंबलच्या कारखान्यात. भिंतीवर तांदळाचं ते जुनं पोतं आहेच, त्यावर आमचे तीन नियम, शाई उडालीय पण वाचता येतात. एक, आम्ही ऐकणाऱ्यांपेक्षा वर बसणार नाही. दोन, आमचं नाव कुणाच्या मालावर लागणार नाही. तीन, एक गेला तर सगळे थांबतील. तिसरा नियम पहिल्याच वर्षी लिहिला, पहिला ढोलकवाला न सांगता जकार्ताला गेला तेव्हा. मास गिंबलनंच लिहिला, रागानं. त्यातला शेवटचा शब्द अजून ठसठशीत आहे.

आज त्यानं एक विचित्र गोष्ट केली. सगळ्या गाण्यांची पट्टी वर नेली. थोडीथोडकी नाही, चांगली चार-पाच सूर वर. मी म्हटलं, "मास, तिथे तुझा आवाज पोचेल का? मांजर शेपटीवर पाय पडल्यावर ओरडतं तसा येईल."

तो घसा खाकरत म्हणाला, "चेलोला इथे बरं वाटतंय. हो ना म्बाह?"

म्बाह म्हणाले, "लाकडाचं वय झालं की ते वरचा सूर मागतं." पंचवीस वर्षांत मी असलं काही ऐकलं नव्हतं. पण म्बाहना कोण उलटून बोलणार?

मग मास गिंबल चहा सांगायला बाहेर गेला. जाताना मला नेहमीसारखं धाकटी बहीण म्हणून हाक मारत म्हणाला, "दिक, तू नुसती ओळ धरून ठेव, मी आलोच." मी ओळ धरून ठेवली. म्हणजे गायले, पुटपुटल्यासारखं. गाणं संपलं तरी चहा आला नव्हता. आळशी झालाय.

१ ऑगस्ट, गुरुवार

मास गिंबलच्या दारात जकार्ताची पाटी असलेली पांढरी गाडी. तो पुढच्या सीटवर, चांगला शर्ट घालून. मी हात केला, त्यानं पाहिलं नाही. किंवा पाहिलं असावं.

५ ऑगस्ट, सोमवार

अंगात नुसती वीज खेळतेय. अंगणात दिवसभर कापडावर छपाई केली. पंचविसाव्या वर्षासाठी नवं चित्र मीच काढलं: एका पायात चामडी चप्पल, दुसऱ्यात रबरी, आणि पायाच्या अंगठ्यात फूल. साठ तुकडे वाळत घातले तेव्हा वारा आला आणि साठही पाय चालायला लागले! इबू, माझी आई, खुर्चीवर बसून बघत होती. म्हणाली, "एवढे पाय, आणि सकाळपासून एकानंही मला चहा आणून दिला नाही."

८ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा तीच गाडी. मी सहज सुम वहिनींच्या टपरीवर गेले. मास गिंबलच्या बायकोच्या हातची तुंपांगची आमटी खाल्ल्याशिवाय माझा गुरुवार जात नाही, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

"मास कुठं गेलाय, म्बाक सुम?"

"सेमारांगला."

"कशाला?"

"तारा आणायला."

"तारा? दर गुरुवारी? वाद्य वाजवतोय की वीजमंडळ चालवतोय?"

वहिनी हसल्या, पण त्यांचा हात पळीवर थांबला. मग मला न विचारताच अंडं वाढलं. मोठ्ठ्या पातेल्यात आलं, केंचूरची मुळी आणि मध उकळत होता. मी म्हटलं, "एवढं कुणासाठी?" तर म्हणाल्या, "गिऱ्हाइकांसाठी." ते प्यायला मी कुणालाच पाहिलं नाही.

११ ऑगस्ट, रविवार

मला कळलं काय चाललंय, आणि कळल्यापासून जेवण गेलेलं नाही.

गेल्या वर्षी जकार्ताचा एक माणूस आला होता. मोठं मैदान, मोठं व्यासपीठ, आणि मागे सिगारेटचा फलक. आम्ही चौघांनी त्याला तुंपांग खाऊ घातली आणि परत पाठवलं. तोच पुन्हा आला असणार. मास गिंबल एकटाच त्याच्याशी बोलतोय. नवी पट्टी, चांगला शर्ट, सरावात गायचं नाही, आवाज राखून ठेवायचा, सगळं जुळतं. पंचवीस वर्षं पुरी करायची, लोकांना एकदा रडवायचं, आणि मग एकटं निघायचं.

आणि तो गेला तर नियम तीन.

मला माहीत आहे की मी चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे, छपाईचं काम आहे, इबू आहे, घर आहे. बँड थांबला तर मी उपाशी मरणार नाही. पण बाकी आठवडाभर मी जी असते ती फक्त मंगळवारची वाट बघणारी असते. हे कुणाला सांगता येत नाही. इथे लिहिलं.

१७ ऑगस्ट, शनिवार

स्वातंत्र्यदिन. दोरीला लटकवलेला पापड हात न लावता खायच्या स्पर्धेत केलिक प्रमुख असूनही उतरला आणि हरला. मग ध्वनिक्षेपकावरून ओरडला, "आता आपला मास गिंबल एक गाणं म्हणेल!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. मास गिंबल उठला, माइक घेतला आणि सरळ माझ्या हातात दिला. सगळ्यांसमोर! माझे कान तापले. मी अकरा वर्षांची असताना ह्याच मैदानावर, ह्याच दिवशी गाताना माझा आवाज चिरला होता आणि माझाच मामा सगळ्यात आधी हसला होता. मास गिंबलला हे माहीत आहे. फक्त त्यालाच सांगितलंय. मी माइक खाली ठेवला आणि व्हायोलिन उचललं. वाजवलं चांगलं. त्याच्याकडे बघितलं नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

भांडले.

सराव सुरू होऊन तासभर झाला, आणि त्या तासात मास गिंबल एकही गाणं गायला नाही. 'भोंग्याआधी' आलं, तेव्हा बोटानं मला खूण केली, तू म्हण. हे गाणं इबूचं आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी पहाटे कापडगिरणीच्या बसमध्ये जे बोलायच्या, ते मी चोवीस वर्षांपूर्वी मास गिंबलला सांगितलं आणि त्यानं चाल बांधली. बाईचं गाणं, पण कायम त्यानंच म्हटलं. 'भोंगा वाजायच्या आधी मी माझी होते' ही ओळ तो म्हणतो तेव्हा गिरणीतून निवृत्त झालेल्या बायका पदर तोंडाला लावतात. ते गाणंसुद्धा त्याला आता नकोसं झालं?

मी गज खाली ठेवला. "तुझ्या गळ्याला झालंय काय मास? खोटं बोलून बोलून बसला का?"

केलिकचा हात केंदांगवर तसाच राहिला. म्बाह दार खाली बघायला लागले.

"जायचं असेल तर तोंडावर सांग," मी म्हटलं. "हे पोतं तूच लिहिलंस. वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता चिडेल. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला ओळखता आलं नाही. तो जवळ आला आणि अगदी हलक्या, घासलेल्या आवाजात म्हणाला, "आत्ता जेवढ्या जोरात बोललीस ना दिक, तेवढ्या जोरात ती ओळ म्हण."

मी इतकी संतापले होते की म्हटली. पूर्ण. भिंतीला टेकवलेल्या चपला खाली पडतील असं वाटलं.

गाणं संपलं. मग म्बाह म्हणाले, "पट्टी बरोबर आहे." आणि केलिकला उगाच खोकला आला. मी व्हायोलिन पेटीत घालून घरी आले.

२१ ऑगस्ट, बुधवार

सकाळी भाजी चिरताना इबूनं विचारलं, "काल संध्याकाळी कोण गात होतं गं? इथपर्यंत ऐकू येत होतं."

"कोणी नाही."

"बरं गात होती ती कोणी नाही," ती म्हणाली.

३ सप्टेंबर, मंगळवार

सरावाला जाते. बोलते कामापुरतं. पण खोटं कशाला लिहू, मजा येतेय! ओळ धरून ठेवायची म्हणून आता सगळी अकरा गाणी मीच धरून ठेवते, कारण तो सतत चहाला जातो. व्हायोलिन आणि तोंड दोन्ही एका वेळी चालवायला शिकले. गाताना हनुवटी सुटते, म्हणून केलिकनं खांद्यावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा करून दिला. त्यानं आधीच माप घेऊन ठेवलं होतं. कधी घेतलं?

आज तिसरं गाणं इतकं पळालं की म्बाह दार यांच्या कपाळावरचा घाम चेलोवर पडला आणि ते चक्क ओरडले, "हाय्या!" सातशे चाळीस वर्षांत पहिल्यांदाच असणार.

हे सगळं अकरा दिवसांनी संपणार असेल तर एवढं छान व्हायला नको होतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

बांडुंगहून लोक निघालेत. सुराबायाहून एक अख्खी बस. पोरं जटा आणि पिना मिरवत येताहेत, आणि केलिक त्यांच्यासाठी वस्तीत घरोघर झोपायची सोय लावतोय: "हाजी साहेब, तुमच्याकडे सहा. दिसायला भयंकर आहेत, पण ताट स्वतः धुतात."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बॅडमिंटनच्या मैदानावर चटया टाकल्या. चौऱ्याऐंशी. उद्या दुपारच्या नमाजानंतर.

१५ सप्टेंबर, रविवार

सगळं लिहायचंय. क्रमानं. हात थांबत नाहीये.

आम्ही नेहमीप्रमाणे मातीवर, चपला घालून, आणि ऐकणारे आमच्यासमोर चटईवर, अनवाणी. चटईच्या कडेला चपलांचा डोंगर. पहिल्या रांगेत इबू आणि गिरणीतल्या तिच्या मैत्रिणी, त्यांच्या मागे बांडुंगची काळ्या कपड्यांतली पोरं मांडी घालून, मांडीवर वस्तीतली लहान मुलं. सुम वहिनी कडेला पातेल्यापाशी.

मास गिंबलनं युकुलेलेवर पहिली सुरावट सुरू केली. वरच्या पट्टीत. मी व्हायोलिनवर उचलली. केलिकची बादली आली, म्बाहचा चेलो आला. आता तो गाणार. नाही गायला. सुरावट पुन्हा एकदा फिरली. पुन्हा एकदा. मी त्याच्याकडे बघितलं.

तो चपला काढत होता.

त्या चपला म्हणजे त्याच्या स्वतःच्या हातच्या, टायरच्या, पंचेचाळीस नंबरच्या. एवढा पाय सालातिगात दुसऱ्या कुणाचा नाही. त्यानं त्या उचलल्या, चटईच्या कडेला नेल्या, आणि त्या डोंगरावर ठेवल्या. मग चटईवर जाऊन इबूशेजारी मांडी घालून बसला. युकुलेले मांडीवर, हात चालूच.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मास! नियम!"

सगळं मैदान ऐकत होतं. त्यानं तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही. नुसती हवा. ओठांवरून मी वाचलं: "गेलोय कुठं? चार हात सरकलोय."

मला एका क्षणात सगळं कळलं. गुरुवार. तारा. केंचूर आणि मध. ती गाडी सुम वहिनींच्या भावाची, तो जकार्ताहून येऊन ह्याला सेमारांगच्या डॉक्टरकडे नेत होता, हे नंतर केलिकनं सांगितलं. केलिकला माहीत होतं. म्बाहना माहीत होतं. इबूलासुद्धा माहीत होतं! फक्त मला नाही, कारण मला कळलं असतं तर मी गायले नसते, त्याच्याजवळ बसून राहिले असते, आणि नियम तीनप्रमाणे आम्ही चौघंही थांबलो असतो. माझ्या नियमप्रेमाला अख्खी वस्ती घाबरून होती.

आणि मी त्याला काय म्हणाले होते, खोटं बोलून बसला का.

सुरावट पाचव्यांदा फिरली. केलिक दात दाखवत म्हणाला, "म्बाक, आता सुरू कर, माझा पाय दुखायला लागला."

मी सुरू केलं.

पहिल्या कडव्यात आवाज चिरला. तिथेच, जिथे चिरेल असं वाटलं होतं. मी वाट बघितली, कोणी हसतंय का. कोणीच हसलं नाही. बांडुंगची पोरं तर त्या चिरलेल्या जागी ओरडून उठली, त्यांना वाटलं ते मुद्दाम होतं! दुसऱ्या कडव्यात मीच तिथे पुन्हा चिरला. मुद्दाम. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. गाणी एकामागून एक अशी आली, जशी दारात आधीच उभी होती. चटयांच्या खालची माती उडत होती, म्हाताऱ्या बायका टाळ्या देत होत्या, म्बाह दोनदा ओरडले, आणि चटईवर बसलेला तो टकला माणूस युकुलेले वाजवत माझ्याकडे असा बघत होता, जसं एखादी चप्पल शिवून झाल्यावर तो ती उलटीसुलटी करून बघतो.

अजान झाली की आम्ही जिथे असू तिथे थांबतो. शब्दाच्या मध्ये असलो तरी. आणि पुढचा कार्यक्रम त्याच शब्दापासून सुरू करतो. पंचवीस वर्षं असंच चाललंय, त्यामुळे खरं तर आमचा एकच कार्यक्रम अजून संपायचाय. काल शेवटी 'भोंग्याआधी' होतं. मी इबूकडे बघून म्हटलं, भोंगा वाजायच्या आधी मी,

आणि अजान सुरू झाली.

गज थांबला. कोणी टाळी वाजवली नाही. सगळे तसेच बसून राहिले, अर्धी ओळ तोंडात धरून. मग हळूहळू उठले आणि चपलांकडे गेले.

माझ्या चपला मी कधी ढिगात ठेवत नाही, वाजवणाऱ्यांच्या पायातच असतात. पण काल मीही काढल्या, लाल रबरी, आणि ठेवल्या. मग त्या गर्दीत हात घातला, तेव्हा एक लाल हाताला लागली आणि दुसरी जड, काळी, टायरची. घरी येताना मी एका पायावर उंच आणि एका पायावर बुटकी अशी चालत होते. इबू म्हणाली, "कोंबडी चाललीय." मास गिंबल आमच्या पुढे होता. त्याची टाच माझ्या लाल चपलेच्या बाहेर, मातीवर घासत होती.

त्याच्याजवळ जाऊन मी म्हटलं, "माफ कर मास."

त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, पंचवीस वर्षं मारतो तशी.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज ऑपरेशन होतं. झालं. सुम वहिनींचा निरोप आला, शुद्धीवर आल्यावर त्यानं पाटी मागवून लिहिलं, 'तुंपांग.' म्हणजे बरा आहे.

डॉक्टर म्हणतात गाठ निघाली, आवाजाचं नंतर बघू. बघूच की. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. तो परत येऊन गाईलच, तोवर मी सांभाळते. म्बाह दार यांना मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "हो हो, तोवरच." आणि माझ्या पट्टीच्या तारांचे सहा संच मागवल्याचं सांगितलं. एवढे कशाला लागतील कोण जाणे. म्हाताऱ्या माणसांना साठवायची सवय.

पुढच्या कार्यक्रमाची तारीख पडली. पहिला शब्द 'माझी'.

टायरची चप्पल दाराशी आहे. मोठी होते, चालताना निसटते. आज दुपारी बसून टोच्यानं तिच्या पट्ट्याला माझ्या मापाचं एक जास्तीचं भोक पाडलं. तोवर घसरू नये म्हणून.